कॅनरी की फिंच? छोट्या पक्ष्यांची निवड आणि पिंजरा

निशिगंधा_ठाणे

नमस्कार मंडळी,

घरी पक्षी आणायचा विचार चालू आहे. इथे बरेच अनुभवी लोक आहेत म्हणून विचारते. सासरे दिवसभर घरी एकटे असतात. त्यांना घरात पक्ष्याचा आवाज हवा आहे. पोपटाचा कलकलाट नको, गाणारं काहीतरी हवं. माझ्या सात वर्षांच्या लेकीला मात्र हातावर बसणारा पक्षी हवाय. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो, पूर्वेकडे ग्रिल लावलेली गॅलरी आहे, घरात मांजर-कुत्रं नाही.

काल एका दुकानात जाऊन आले. त्यांनी तीन पर्याय दाखवले. एक पिवळी कॅनरी, झेब्रा फिंचची जोडी आणि एका जाळीत दाटीवाटीने बसलेल्या लाल मुनिया. मुनिया सगळ्यात स्वस्त. पिंजरा दाखवला तो गोल, वर घुमट असलेला, सोनेरी. दिसायला सुरेख आहे, पण आत जागा फारच कमी वाटली.

तर कॅनरी घ्यावी की फिंच? एकच की जोडी? पिंजरा केवढा घ्यायचा आणि घरात कुठे ठेवायचा? घाई नाही, दिवाळीनंतर घेतलं तरी चालेल.

रानवाट

ताई, बाकीचं नंतर. आधी ती लाल मुनिया यादीतून काढून टाका.

मुनिया, ज्यांना आपण मनोली म्हणतो, त्या आपल्या माळावरच्या, गवतातल्या पक्षी आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात ठेवणं हा गुन्हा आहे. मुनिया, हिरवा पोपट, मैना, सुगरण, सगळ्यांना तोच कायदा. "ही पिंजऱ्यातच जन्मलेली आहे" असं दुकानदार सांगतो. ते खरं असलं तरी कायद्याला त्याने फरक पडत नाही, आणि बहुतेक वेळा ते खरंही नसतं. हे पक्षी जाळ्यात धरून आणलेले असतात. एकेका जाळीत एवढे कोंबलेले का असतात, तर वाटेत मरणारे धरूनच हिशोब केलेला असतो.

अबूच्या डोंगरात आणि मध्य भारतात काही ठिकाणी हिरवी मनोली मिळते. ही जगात फक्त भारतात आहे. पिंजऱ्यासाठी धरून धरून तिची संख्या इतकी घटली की आज ती धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. लाल मनोली अजून तरी आपल्या ओढ्याकाठच्या गवतात दिसते. पावसाळ्यात नराला तो लाल रंग चढतो आणि त्यावर पांढरे ठिपके. बघायची असेल तर ऑगस्टमध्ये कुठल्याही गवताळ पाणवठ्यावर जा, लेकीलाही न्या.

सांजवात

रानवाट, मग त्या सगळ्या विकत घेऊन सोडून दिल्या तर? पुण्याचं काम होईल.

रानवाट

नको हो. तुम्ही पैसे मोजले की दुकानदार पुढच्या आठवड्यात तेवढ्याच परत मागवणार. पकडणाऱ्याला काय, गिऱ्हाईक मिळालं. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे कळवा. पक्षी जप्त झाले की त्यांची तपासणी होऊन योग्य जागी सोडता येतात. कुठल्या प्रदेशातून आणलेत हे न बघता आपण ठाण्यात गॅलरीतून उडवले तर कावळे आणि घारी वाटच बघत असतात.

पाखरवेडा_कोथरूड

रानवाटला पूर्ण अनुमोदन. आता उरलेल्या दोघांबद्दल. जरा लांब लिहितो, कारण या विषयात दुकानात सांगतात त्यातलं निम्मं ऐकून पक्षी मरतात.

कॅनरी गाण्यासाठी. गातो तो नर, मादी नुसती चिवचिवते. पंचाईत अशी की नर-मादी दिसायला सारखेच. दुकानदार "नरच आहे साहेब" म्हणतो, त्यावर जाऊ नका. दुकानात अर्धा तास बसा, तो पक्षी स्वतः गाताना ऐका आणि तोच पक्षी घ्या. घसा फुगवून सलग दहा-पंधरा सेकंद तान घेतो तो नर. कॅनरीचा नर एकटा ठेवला तरी चालतो, उलट दोन नर एकत्र ठेवले की मारामारी ठरलेली. नीट सांभाळला तर दहा वर्षं साथ देतो. किंमत मात्र हजारांत.

झेब्रा फिंच म्हणजे जेमतेम तोळाभर वजनाचं पाखरू. एकटं ठेवणं हा त्याच्यावर अन्यायच. ते थव्यातले पक्षी, दिवसभर एकमेकांना साद घालत राहतात. आवाज गाण्याचा नाही, खेळण्यातली पिपाणी वाजल्यासारखा, पण गोड. नराच्या गालावर नारिंगी ठिपका आणि बगलेला तांबूस पट्टा, मादीला दोन्ही नाही. त्यामुळे जोडी ओळखायला सोपी. किंमत शेकड्यांत.

हातावर यापैकी कुणीही बसणार नाही. कॅनरी आणि फिंच हे बघायचे आणि ऐकायचे पक्षी. मुठीत धरलं की त्यांचं काळीज इतकं धडधडतं की अशक्त पक्षी त्यातच जातो. लेकीला हातावरच हवा असेल तर लहानपणापासून माणसाळवलेला बजरीगर घ्या. आपल्याकडे सर्रास ज्याला लव्हबर्ड म्हणून विकतात तोच.

पिंजरा: तो घुमट अजिबात नको. फिंच आणि कॅनरी वर-खाली फार उडत नाहीत, आडवे उडतात. त्यामुळे उंची शोभेपुरती, कामाची असते ती लांबी. जोडीसाठी निदान ३० इंच लांब, १८ इंच रुंद, १८ इंच उंच. ३६ इंच मिळाला तर आनंदच. दोन टोकांना दोन दांड्या आणि मधली जागा मोकळी, म्हणजे पंख मारून जाता येतं. गोल पिंजऱ्यात पक्ष्याला ना कोपरा मिळतो ना उडायला सरळ रेषा. तारांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. एक सेंटीमीटर उत्तम, नाहीतर फिंच डोकं घालून अडकतो.

दांड्या दुकानातल्या गुळगुळीत प्लास्टिकच्या देतात, त्या फेकून द्या. पेरूची किंवा कडुलिंबाची फांदी स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून लावा. कुठे जाड, कुठे बारीक. पंजा वेगवेगळ्या जाडीवर बसला पाहिजे, नाहीतर तळव्याला फोड येतात.

सुलूमावशी

नातीला सांगा, आजोबांच्या खांद्यावर तिने बसायचं आणि दोघांनी मिळून पक्षी बघायचा. 😊

पिंजरामुक्त

इथे सगळे पिंजऱ्याच्या मापावर बोलतायत. माझा मूळ मुद्द्यालाच विरोध आहे. उडणाऱ्या जिवाला ३० इंच काय आणि ३६ इंच काय. सासऱ्यांना सोबत हवी असेल तर गॅलरीत चिमण्यांसाठी लाकडी खोका लावा. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी केलेलं काम बघा, त्यांच्याच संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो. सव्वा इंचाचं भोक असलेला खोका, एक पाण्याचं मातीचं भांडं, थोडी बाजरी. महिना-दोन महिन्यांत चिमण्या येतात. पिल्लं कशी मोठी होतात ते आजोबा रोज बघतील, आणि कुणाला कोंडावं लागणार नाही.

पाखरवेडा_कोथरूड

पिंजरामुक्त, चिमण्यांच्या खोक्याला माझा पाठिंबाच आहे, माझ्या खिडकीत दोन आहेत. पण झेब्रा फिंच आणि कॅनरीला मोकळं सोडणं हा पर्यायच नाही. हे पक्षी कित्येक पिढ्या पिंजऱ्यात वाढलेत. इथे त्यांना ना दाणा शोधता येतो ना शिक्र्यासारखा शिकारी पक्षी ओळखता येतो. आता आहेत त्यांना चांगलं घर मिळणं आणि दुकानातून धडाधड नवीन पैदास न होणं, एवढंच आपल्या हातात आहे.

मेलबर्नची_मनी

फिंचच्या मूळ देशातून लिहिते आहे. इथे शहरात नाही, पण आतल्या कोरड्या भागात गाडी घेऊन गेलं की पाणवठ्यावर झेब्रा फिंचचे थवेच्या थवे असतात. एक गंमत बघायला मिळते. बहुतेक पक्षी चोचीत घोट घेऊन मान वर करतात, हे मात्र कबुतरासारखे चोच बुडवून सलग पाणी ओढतात. पाणवठ्यावर ससाणा टपलेला असतो, तिथे थांबायला वेळ कुणाला? आणि विणीला ठरलेला महिना नाही, पाऊस पडून गवताला दाणे आले की लगेच घरटं.

ऑस्ट्रेलियाने आपले रानपक्षी बाहेर विकायला १९६० पासून बंदी घातली आहे. तेव्हा तुमच्याकडच्या दुकानातले झेब्रा आणि गोल्डियन फिंच हे पिंजऱ्यातच वाढलेल्या पिढ्यांचे वंशज आहेत. पिंजरामुक्त यांची तळमळ पटते, पण मनोली आणि झेब्रा फिंच यांना एका तराजूत तोलता येणार नाही.

पिंजरामुक्त

हा फरक मान्य. तरी माझं मत पिंजऱ्याविरुद्धच. पण आणायचाच असेल तर पाखरवेडा म्हणतात तसा आणा.

गुरांचा_डॉक्टर

पशुवैद्य आहे. पक्षी घेताना काय बघायचं ते सांगतो.

सकाळी जा, संध्याकाळी नको. दुरून पाच मिनिटं बघा, कारण माणूस जवळ आला की आजारी पक्षीही ताठ बसतो. आपण दुबळे आहोत हे लपवणं हा त्यांचा स्वभावच आहे. दुरून बघताना पिसं फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसलेला दिसला तर तो नको. बसल्या जागी प्रत्येक श्वासाला शेपूट खाली-वर हलत असेल तर श्वासाचा त्रास आहे. कॅनरी आणि गोल्डियनमध्ये श्वासनलिकेत आणि हवेच्या पिशव्यांमध्ये बारीक किडे होतात. रात्री शांततेत पिंजऱ्याला कान लावला तर टिकटिक असा आवाज येतो. औषध आहे, पण वेळेत द्यावं लागतं. शेपटीखालची पिसं कोरडी आणि स्वच्छ असावीत. छातीचं हाड हाताला सुरीच्या पात्यासारखं लागलं तर पक्षी उपाशी आहे.

घरी आधीचे पक्षी असतील तर नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा.

आणि स्वयंपाकघर. हे अधोरेखित करून वाचा. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा राहिला आणि फार तापला की त्याच्या थरातून जो वायू निघतो तो पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. माणसाला कदाचित वासही येणार नाही. पक्ष्याच्या शरीरात हवेच्या पिशव्या असतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते. उडायला लागणारा प्राणवायू मिळवण्याची ती अप्रतिम रचना आहे, पण विषही तितक्याच झपाट्याने आत जातं. मच्छर मारायचा फवारा, उदबत्ती, धूप, कापूर, रूम फ्रेशनर, सगळंच त्या खोलीत नको. देवघर हॉलमध्ये असेल तर पिंजरा दुसऱ्या खोलीत.

गोदाकाठ

डॉक्टर, कोळशाच्या खाणीत कॅनरी न्यायचे ते याचमुळे ना?

गुरांचा_डॉक्टर

हो, बरोबर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुचवलं की माणसाआधी ज्याच्यावर परिणाम दिसेल असा छोटा जीव सोबत न्यावा. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी हटवून विजेची उपकरणं आली ती थेट १९८६ मध्ये. काही ठिकाणी पिंजऱ्यालाच प्राणवायूचं छोटं नळकांडं जोडलेलं असे. पक्षी कोसळला की झडप बंद करून त्याला शुद्धीवर आणायचे.

हानोफरकर

खाणीचा विषय निघालाच आहे म्हणून. इथून, म्हणजे जर्मनीतल्या हानोफरहून, जवळच हार्त्झचे डोंगर आहेत. तिथल्या सांक्ट आंद्रेआसबेर्ग गावात खाणकामगारांच्या घरोघरी कॅनरीची पैदास चालायची. खाणीच्या कमाईत भागत नसे, म्हणून हा जोडधंदा. पिंजरे लाकडी, अगदी लहान, आणि बायका-मुलं दिवसभर पक्ष्यांचं बघायची. हे पक्षी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेपर्यंत विकले गेले. आता तिथल्या जुन्या खाणीतच कॅनरीचं संग्रहालय आहे. हार्त्झर रोलर या जातीचा नर जवळजवळ बंद चोचीने, खालच्या पट्टीत गातो. कर्कश नाही, गुंजारव म्हणावा असा. सासऱ्यांना मोठा आवाज सोसत नसेल तर या वळणाचा पक्षी विचारा, भारतातही काही हौशी लोक पाळतात.

तरुण नराला गाणं शिकायला जाणता गवई लागतो. म्हणून तिथे उत्तम गाणाऱ्या नराला मुद्दाम पिल्लांच्या खोलीत ठेवायचे.

स्वरगंगा

हानोफरकर, किती छान माहिती! म्हणजे ही चक्क गुरु-शिष्य परंपराच झाली. घराणंही आलं. 🙂

मज्जारज्जू

स्वरगंगा, याच्यापुढची गोष्ट ऐका. फर्नांडो नॉटेबोम या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत कॅनरीवरच काम केलं. गाण्याशी संबंधित मेंदूचा भाग विणीच्या हंगामात मोठा होतो आणि नंतर आक्रसतो असं त्यांना दिसलं, आणि प्रौढ पक्ष्याच्या मेंदूत नव्या पेशी तयार होतात हेही १९८० च्या दशकात पुढे आलं. तोवर मोठेपणी मेंदूत नवी पेशी जन्मत नाही असंच मानलं जायचं. कॅनरी दरवर्षी आपल्या गाण्यात नव्या जागा घालतो त्याच्या मुळाशी हे असावं. झेब्रा फिंच मात्र लहानपणी बापाकडून एक गाणं शिकतो आणि जन्मभर तेच म्हणतो.

निशिगंधा_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. मुनियाबद्दल वनविभागाला फोन केला आहे.

आता दोन शंका. १) पिंजरा गॅलरीत ठेवला तर? सकाळचं ऊन छान येतं. २) सासऱ्यांना जुना दमा आहे, चालेल का?

गुरांचा_डॉक्टर

दुसऱ्या शंकेचं आधी. दमा असेल तर त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पक्षी आणू नका. पक्ष्यांच्या पिसांची भुकटी आणि वाळलेली विष्ठा श्वासातून गेली की काही लोकांच्या फुप्फुसांना सूज येते. कबुतरांमुळे जास्त होते, पण इतर पक्ष्यांनीही होऊ शकते. डॉक्टरांनी हो म्हटलं तरी पिंजरा त्यांच्या झोपायच्या खोलीत नको, आणि ट्रेमधला कागद रोज बदलायचा. झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. हे काम त्यांनी करायचं नाही, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं.

पाखरवेडा_कोथरूड

गॅलरी दिवसा, तुमची नजर असताना, अर्धी सावली असलेल्या बाजूला. कायमची नको. कावळा तारेतून चोच घालून पाय ओढतो, रात्री उंदीर येतात, आणि शिक्रा ग्रिलवर आदळला की आतला पक्षी घाबरून पिंजऱ्याच्या भिंतीवर आपटतो. हॉलमध्ये डोळ्याच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला टेकवून ठेवा. चारी बाजूंनी उघडा पिंजरा असला की पक्ष्याला पाठ सुरक्षित वाटत नाही. पंखा आणि एसीचा झोत थेट नको.

आणि रात्र. आपल्याकडे हॉलमध्ये अकरा-साडेअकरापर्यंत ट्यूबलाइट आणि मालिका. या पक्ष्यांना रोज दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. कॅनरीचं गाणं, वीण, पिसं झडणं सगळं दिवसाच्या लांबीवर चालतं. रात्री उशिरापर्यंत उजेड राहिला तर पिसं अवेळी झडतात आणि गाणं बंद पडतं. सूर्य मावळला की सुती पातळ कापड घालून पिंजरा झाका, हवा खेळायला एक बाजू थोडी उघडी.

सुलूमावशी

म्हणजे पक्ष्याच्या निमित्ताने घरातल्या मालिका आठ वाजता बंद! निशिगंधा, हे सासऱ्यांना आधी विचारून घे गं.

नागपूरची_संत्री

आमच्या इकडचा अनुभव. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, तेव्हा झेब्रा फिंच तगून राहतात, कॅनरीचे फार हाल होतात. आमच्या घरी झेब्राचीच जोडी आहे. कूलरची हवा सरळ पिंजऱ्यावर येऊ देत नाही, खोली तेवढी थंड राहते. उथळ वाटीत आंघोळीचं पाणी दुपारी ठेवते. जोडी एकामागून एक पाण्यात उतरते आणि आख्खा कोपरा ओला करून टाकते, बघत राहावंसं वाटते. पक्षी चोच उघडी ठेवून पंख अंगापासून दूर धरून बसला म्हणजे त्याला ऊन लागलं समजा, लगेच गार जागी न्या.

कृष्णाकाठचा_पैलवान

पिंजरा विकत कशाला घ्यायचा? आमच्या सांगलीत वेल्डमेश जाळी फुटावर मिळती. अर्ध्या इंचाची जाळी, सागवानी पट्ट्यांची चौकट, खाली सरकणारा पत्र्याचा ट्रे, सुताराकडनं चार फुटी करून घेतला. दुकानातल्या तीन फुटीपेक्षा स्वस्त पडला. फक्त एक करा, नवी जाळी जस्ताची असती. व्हिनेगर आणि ब्रशनं घासून, पाण्यानं खळखळून धुवून आठ-दहा दिवस उघड्यावर ठेवायची. नाहीतर पक्षी तार चावत्यात आणि जस्त पोटात जातं. दार मोठं ठेवू नका, हात जाईल एवढंच, आणि वर सरकणारं नको. पक्षी ते उचलून बाहेर येतोय, आणि कधी मानेवर पडतंय.

रानवाट

पैलवान, चार फुटी म्हणजे राजवाडा की! फोटो टाका.

अन्नपूर्णा_गिरगाव

खाण्याचं कुणी बोललंच नाही. रोजचं मुख्य म्हणजे राळे. दुकानात कांगणी म्हणून मिळते तेच. त्यात वरी, थोडी बारीक बाजरी आणि कॅनरीसाठी कॅनरी सीड. किराणा दुकानातलं राळं घ्याल तर सालासकट बघा, पॉलिश केलेलं नको.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. हे पक्षी दाणा सोलून खातात आणि टरफल वाटीतच टाकतात. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते. हातात घेऊन हलकी फुंकर मारली की वरचा सगळा भुसा उडतो आणि खाली दाणे दोन-चारच. एवढ्याशा जिवाला दिवसभर उपास सोसत नाही. म्हणून फुंकर रोज, सकाळ-संध्याकाळ, न चुकता.

हिरव्यात कोथिंबीर, मेथीची कोवळी पानं, धुऊन. आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून, पण दोन-तीन तासांनी उरलेलं काढून टाकायचं, आपल्या हवेत लगेच खराब होतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे कटलफिशचं हाड. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, पांढरा, एका बाजूला भुसभुशीत. मऊ बाजू आत करून तारेला अडकवायचा. मीठ, चॉकलेट, चहा-कॉफी, अॅव्होकाडो बिलकुल नाही.

गुरांचा_डॉक्टर

समुद्रफेस अत्यावश्यक. कॅल्शियम कमी पडलं की मादीचं अंडं अडकतं. पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसते, जोर लावते, उठत नाही. तो तातडीचा प्रसंग आहे, घरगुती उपायात वेळ घालवू नका. मुंबईत परळच्या जनावरांच्या मोठ्या रुग्णालयात पक्षीही बघतात. पक्षी आणायच्या आधी जवळचा पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर शोधून ठेवा, प्रत्येक पशुवैद्य तोळाभर पक्ष्याला औषध द्यायला धजत नाही.

चाळकरी

दिवाळी राहिली. फटाक्याच्या आवाजाने फिंच रात्री अंधारात उठून भिरभिरतात आणि डोकं आपटतं. त्या चार रात्री पिंजरा आतल्या खोलीत, जाड चादर, आणि एक मंद दिवा चालू. दिव्यामुळे दांडी सापडते. दिवाळीनंतर घेणार हे तुम्ही योग्यच ठरवलंय.

स्वरगंगा

माझा एक आक्षेप नोंदवते. कॅनरी एकटा ठेवला तरी चालतो असं वर म्हटलंय. "चालतो" आणि "त्याला बरं वाटतं" यात फरक आहे. तो एकटा जास्त गातो, ते जोडीदारीण बोलावण्यासाठीच. आपल्या कानांना गोड लागावं म्हणून त्याला एकाकी ठेवणं मला पटत नाही.

पाखरवेडा_कोथरूड

मुद्दा चांगला आहे. कॅनरीचा नर विणीच्या काळाबाहेर मादीलाही जवळ येऊ देत नाही, हाकलतो, त्यामुळे बारा महिने छोट्या पिंजऱ्यात जोडी ठेवणं हाही त्रासच. दोन पिंजरे शेजारी, एकमेकांना ऐकू येतील असे, हा मला मधला मार्ग वाटतो. आणि एकटा असेल तर घरात माणसांचा वावर हवा. दिवसभर कुलूपबंद असणाऱ्या घरात एकटा कॅनरी नकोच. निशिगंधा यांच्याकडे आजोबा आहेत.

निशिगंधा_ठाणे

छातीच्या डॉक्टरांनी सावधपणे होकार दिला आहे, पिंजऱ्याची साफसफाई सासऱ्यांनी करायची नाही या अटीवर. घरात चर्चा झाली. सासऱ्यांना कॅनरीपेक्षा झेब्राची जोडी आवडली. "एकटा कोण, मी का तो?" म्हणाले. लेकीने हातावर बसवण्याचा हट्ट सोडला, फुंकर मारण्याचं काम तिला हवंय. मास्क लावून, गॅलरीत नेऊन, असं ठरलंय. पैलवानदादांच्या मापाने पिंजरा सुताराला सांगितला आहे.

फक्त एक भीती. सगळे म्हणतात झेब्रा सतत अंडी घालतात. आम्हाला पिल्लं वाढवायची नाहीत. काय करू?

कृष्णाकाठचा_पैलवान

पिंजऱ्यात मडकं टांगू नका, काथ्या, गवत, कापूस काही देऊ नका. घरटं करायला साहित्यच नाही म्हटल्यावर निम्मं काम होतं. काथ्या तसापण वाईट, पायाला गुंडाळला की पाय जातोय.

गुरांचा_डॉक्टर

तरीही काही माद्या दाण्याच्या वाटीत अंडी घालतात. अशी अंडी लगेच काढून टाकलीत तर ती पुन्हा घालत राहते आणि अंगातलं कॅल्शियम संपतं. त्यापेक्षा अंडं घातल्या दिवशीच उचलून उकळा, गार करा आणि परत तिथेच ठेवा. किंवा प्लास्टिकची खोटी अंडी मिळतात ती ठेवा. झेब्राचं अंडं उबवायला साधारण दोन आठवडे लागतात. ती तेवढे दिवस बसते, काही होत नाही असं बघून आपणच उठते. मग ती अंडी काढायची. त्या काळात अंड्याचा खाऊ बंद आणि उजेड थोडा कमी, म्हणजे सहा वाजताच पिंजरा झाकायचा. दाण्याची वाटी उथळ ठेवा आणि जागा बदलत राहा, मुक्कामाला जागा मिळाली नाही की घालणं आपोआप कमी होतं. दोन-तीनदा लागोपाठ झालंच तर मध्ये जाळीचा पडदा टाकून जोडी काही आठवडे शेजारी-शेजारी ठेवा, एकमेकांना दिसतील अशी.